गुरुवारचं सातवं आमेन

१

एकदा तरी कोणीतरी दार ठोठावून बघायला हवं होतं. नाही बघितलं. लाल पेन्सिल उचलली, ओळीवर रेघ मारली, डोळे पुसत गाणं म्हटलं आणि सगळे चहा प्यायला निघून गेले. माणूस असाही खोडला जातो. त्यासाठी दुष्ट असावं लागत नाही. चांगलं असलं आणि थोडी घाई असली की पुरतं.

पण हे कळलं फार पुढे. त्या गुरुवारी ठिणगीला एवढंच दिसत होतं की खुर्च्या पुन्हा सात आहेत.

"काका, आम्ही सहा जण. दर वेळी सात कशाला मांडता?"

राखणदारकाका म्हणजे चर्चच्या झाडलोटीपासून घंटेपर्यंत सगळं सांभाळणारा माणूस. कानानं जरा अधू, बोलायला आखडू. त्यांच्या काळ्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत असायचं.

"सात लागतात," ते म्हणाले.

"सातवं कोण?"

"मला काय विचारतेस? मी खुर्च्या मांडतो. माणसं देव मांडतो."

"आणि ते बटण पडेल एक दिवस, त्याचं काय?"

"लावणारं कोणी भेटलं की घेईन लावून. तुला येतं?"

ठिणगीला बटण लावता येत नव्हतं. तिला राज्यशास्त्र येत होतं. तिनं सातवी खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि वही उघडली.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून चटकन पेटायची म्हणून आत्यानं ठेवलेलं. कॉलेज संपून चार महिने झाले होते, नोकरी लागायची होती, आणि आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी तीन वाजता वही वाचायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं.

वही जुनी, जाड पुठ्ठ्याची. या शहरात कधीकाळी बरीच यहूदी कुटुंबं होती. त्यातल्या ज्यांना पूर्वजांच्या भूमीत परत जायचं होतं, पण कागदपत्रं, आजारपण, भीती यापायी जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी चर्चच्या या वरच्या खोलीत मध्यस्थीची प्रार्थना व्हायची. वहीत नाव एकाचंही नव्हतं. जगात यहुद्यांच्या नावांच्या याद्या एकदा फार नीट करून झाल्या होत्या आणि त्या याद्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक असलेल्या माणसांनी ही वही सुरू केली होती. म्हणून फक्त धंदा, घर आणि माणसं किती. 'घड्याळवाले, पुलाजवळ, चार जण.' 'चष्मेवाले, कोपऱ्यावरचं घर, पाच जण.' कुटुंब तिकडे पोहोचल्याचं पत्र आलं की ओळीवर लाल रेघ मारायची, पत्र समोरच्या पानावर चिकटवायचं आणि त्या घरासाठी पुन्हा कधी मागायचं नाही. मिळालेलं परत मागणं म्हणजे देवावर अविश्वास, असा तिथला नियम.

आता एकच ओळ कोरी उरली होती. ठिणगीनं ती वाचली.

"पुस्तकबांधणीवाले, शाळेमागे, तिघं."

सगळे आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले, कोपरं बैठकीवर टेकवली, डोळे मिटले. आत्यानं मागणं केलं, "प्रभू, ज्यांना घरी जायचंय त्यांची वाट मोकळी कर." मग शांतता. मग ठिणगीच्या उजव्या हातापासून एकेकाचं आमेन. निवृत्त दंतवैद्य डॉक्टर. त्यांची बायको, जिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. टायपिंग शिकवणाऱ्या बाई. निवृत्त पोस्टमनबाबा. आत्या. आणि शेवटी ठिणगी, जी हे आमेन 'संपलं एकदाचं' अशा सुरात म्हणायची.

तिचं म्हणून झालं. आणि तिच्या मागून अजून एक आलं.

हळू. बाईचा आवाज. किंचित उशिरा, आणि दातांत काहीतरी धरून बोलावं तसा.

तिनं डोळे उघडले. वाकलेली पाच डोकी. तिचं सहावं.

२

ठिणगी बुद्धिवादी होती, म्हणजे ती आधी डॉक्टरांच्या कवळीकडे वळली.

"डॉक्टर, तुम्ही आमेन दोनदा म्हणालात का?"

"मी एकदाच म्हणतो. तेही हिला ऐकू जाईल इतकंच, नाहीतर घरी गेल्यावर हजेरी घेते."

"घ्यावीच लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोप लागते यांना."

प्रतिध्वनी म्हणावा तर पुढच्या गुरुवारी तिनं लवकर जाऊन रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहिली. आवाज तिथल्या तिथे मेला. लांबट खोली, एका भिंतीला गीतांच्या पुस्तकांचं काचेचं कपाट, समोर एक खिडकी. शेजारच्या खोलीतलं कोणी असेल म्हणावं तर शेजारची खोलीच नव्हती. तिसऱ्या भिंतीपलीकडे फक्त हवा होती आणि खाली सायकली लावायचं अंगण.

तिनं त्या भिंतीला कान लावला. कशाला लावला, ते तिलाच सांगता आलं नसतं.

आत शिलाई मशीन चालत होतं. पायानं चालवायचं, जुनं. जरा धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं. मध्येच कात्रीचा एक लांब आवाज, कापड सरळ रेषेत कापत जाणारा.

अंगणात कोणीतरी सायकल फिरवतंय, तिनं स्वतःला सांगितलं. खिडकीतून बघितलं. अंगणात कोणी नव्हतं. मग पाइपातून येत असेल. पाइप कुठे आहे, हे मात्र तिनं शोधलं नाही. शोधून नसता सापडला तर काय करायचं?

तीन वाजता सगळे आले ते आरडाओरडा करतच. पोस्टमनबाबांच्या हातात परदेशी तिकिटाचं पाकीट होतं.

"पोहोचले!" ते जिन्यावरूनच ओरडले. "पुस्तकबांधणीवाले! तिघंही!"

ठिणगीनं पत्र वाचून दाखवलं. विमानतळावर कोणी घ्यायला आलं, खोलीच्या खिडकीतून झाड कसलं दिसतं, म्हाताऱ्यानं उतरल्या उतरल्या जमिनीला हात लावला आणि मग हात धुवायला पाणी मागितलं, असं सगळं. शेवटी ठसठशीत सही. आत्या रडत होती, टायपिंगच्या बाई हसत होत्या, डॉक्टरांनी लाल पेन्सिल स्वतः तासून दिली. शेवटच्या ओळीवर रेघ पडली. इतक्या वर्षांची वही संपली. सगळे उभे राहून गायला लागले.

आणि त्या गाण्याखाली भिंतीतलं मशीन पिसाळल्यासारखं धावत सुटलं. कोणीतरी आटापिटा करत होतं. गाडी सुटायच्या आत काहीतरी शिवून पुरं करायचं असावं तसं.

ठिणगीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं आनंदानं उघडी. कोणालाच ऐकू येत नव्हतं.

गाणं संपल्यावर ती खुर्च्या आवरायला वळली. भिंतीला टेकवलेली सातवी खुर्ची उघडून गोलात, तिच्या खुर्चीशेजारी ठेवलेली होती. बैठकीवर निळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा. तिनं हात लावून पाहिला.

बैठक कोमट होती.

३

"पुढच्या गुरुवारी समारोप," घरी आल्यावर आत्या म्हणाली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ती डिंकाची बाटली चाचपडत होती. नवं पत्र चिकटवायचं काम तिनं कोणाला दिलं नसतं. "पहिल्यापासून सगळी वही वाचायची, आभार मानायचे आणि पाळकसाहेबांच्या कपाटात ठेवून द्यायची. सुटले बाई मी. डोळे जायच्या आत झालं."

"आत्या, एक विचारू? रागवायचं नाही."

"तू असं म्हणालीस की रागवायचंच असतं. विचार."

"या लोकांना जायचं होतं का, हे कोणी विचारलं होतं? का आपलं आपणच ठरवलं की यांनी घरी जावं? 'तुम्ही इथले नाही' हे गोड शब्दांत सांगायची ही एक रीत झाली. आणि त्या भूमीत आधीपासून जे राहतात त्यांच्यासाठी कोण गुडघे टेकतं?"

आत्यानं डिंकाचं झाकण शांतपणे लावलं.

"शेवटचं आधी. त्यांच्यासाठी तू सुरू कर. बुधवारी खोली रिकामी असते. नुसतं मला ऐकवून कोणाचं भलं होत नाही. आता पहिलं. ही वही घड्याळवाल्यांमुळे सुरू झाली. ते स्वतः आले होते आपल्या जुन्या पाळकांकडे. म्हणाले, 'आमच्याकडून मागून मागून थकलो. तुमच्याकडून एक शब्द टाकून बघा. तुमचा तो मूळचा आमच्यातलाच, ओळख दाखवेल कदाचित.'"

ठिणगीला हसू आलं. न येऊ द्यायचा प्रयत्न केला तरी आलं.

"ज्यांनी तोंडानं सांगितलं त्यांचीच ओळ वहीत आहे. कोणाला आपल्यात ओढायचं नाही, कोणाला ढकलायचं नाही. मागितलं तर मागायचं. एवढाच धंदा."

"आणि सगळे गेले? नक्की?"

"पत्रं आहेत की समोर." आत्याचा आवाज जरासा चढला. "मी माझ्या हातानं चिकटवलीत एकेक. माझ्या आयुष्यात दुसरं काय आहे, पोरी? लग्न नाही, मूल नाही. पण इतकी घरं घरी पोहोचली, त्यात माझा गुडघा आहे. ते तरी माझं राहू दे."

ठिणगीनं हात खिशात घातला. तिथे निळा दोरा होता. तो दाखवावा असं तिला फार वाटलं. पण दाखवून म्हणणार काय? 'तुझ्या वहीत कोणीतरी राहिलंय'? कशावरून? एका आवाजावरून? बैठकीच्या उबेवरून? आत्याच्या आयुष्यातली एकुलती एक कमाई तेवढ्यावर मोडायची?

आणि नाही मोडली, वही कपाटात गेली, तर? मग तो आवाज कोणाकडे येणार?

४

समारोपाला राखणदारकाकांनी सात खुर्च्या मांडल्या. या वेळी ठिणगीनं एकही उचलली नाही.

सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटून. ती एकटी उभी, कपाटाकडे तोंड करून, वही हातात. दुपारचं ऊन काचेवर पडलं होतं आणि काचेत मागची खोली दिसत होती: पाच पाठी, पाच खुर्च्या, तिची रिकामी खुर्ची. तिच्याशेजारची सातवी कपाटाच्या चौकटीमागे लपत होती. बरंच झालं, ती मनात म्हणाली, आणि वाचायला लागली.

"घड्याळवाले, पुलाजवळ, चार जण."

"पोहोचले," सगळे म्हणाले.

"चष्मेवाले, कोपऱ्यावरचं घर, पाच जण."

"पोहोचले."

पान उलटायला ती एक पाऊल सरकली, आणि चौकट बाजूला झाली.

सातव्या खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. गुडघ्यांवर नाही, खुर्चीत. करडी पाठ पुढे वाकलेली, मांडीवर काहीतरी अंधुक कापड, गळ्यात मापाची टेप. उजवा हात वर जात होता, खाली येत होता. घाई नव्हती. वेळ काढायला शिवावं तसं.

मागे वळून बघायचं नाही, ठिणगीनं ठरवलं. वळलं की काहीतरी एक खरं ठरेल. वाचत राहायचं.

तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"शिवणकाम, दगडी जिन्याची इमारत, दुसरा मजला, दोघी."

"पोहोचल्या."

काचेतला हात थांबला. वर गेलेला, तसाच हवेत. आणि मग ते वाकलेलं डोकं हळूहळू वर यायला लागलं. पांढरे केस, कान, गालाची कड, आणि ओठांत धरलेल्या टाचण्यांची चमचमती ओळ.

तो चेहरा बघवणार नाही, एवढं तिला कळलं. तिनं नजर खाली टाकली. जाणार कुठे? वहीतच. दोघींच्या ओळीसमोर त्यांचं पत्र होतं, एकतीस वर्षांपूर्वीचं. बारीक, काटकसरीचं अक्षर. 'सुखरूप पोहोचले. समुद्र घरापासून लांब नाही. तुम्ही सगळ्यांनी एवढं मागितलंत, तुमचे उपकार कसे विसरू.' कागद इथे संपला होता.

ठिणगीनं मागचं पान उलटलं. पुढचं उलटलं. पुन्हा मागे आली.

"थांबा," ती म्हणाली.

"आता काय?" डॉक्टरीणबाईंनी एक डोळा उघडला.

"प्रत्येक पत्राखाली सही आहे. याच्याखाली नाही. आणि लिहिलंय 'पोहोचले'. 'पोहोचलो' नाही. जायचं होतं दोघींना."

पोस्टमनबाबा खुर्चीला धरून उठले. वही हातात घेतली, कागदावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर पत्रं हाताळलेला अंगठा तो.

"दोन्ही बाजूंनी लिहिलंय," ते म्हणाले. "पेन दाबून. मागचे उठाव लागतात हाताला."

आत्या म्हणाली, "किटली ठेवा."

राखणदारकाकांच्या किटलीच्या वाफेवर वही धरली. डॉक्टरांनी चहाचा चपटा चमचा घेतला आणि ज्या हातानं त्यांनी उभी हयात लोकांच्या दाढांची मुळं सैल केली, त्या हातानं कागदाची कड सैल केली. हात जरासुद्धा कापला नाही.

ठिणगीनं मागची बाजू वाचली.

'पण धाकटीला विमानात बसू दिलं नाही. छातीच्या एक्स-रेत डाग निघाला. डोंगरावरच्या दवाखान्यात आहे ती, बरी झाली की येईल. आमची खोली मालकानं काढून घेतली आहे, तिला माझा इथला पत्ता ठाऊक नाही आणि दवाखान्याचा पत्ता घाईत माझ्याकडून हरवला. तुमच्याशिवाय दोघींना जोडणारं कोणी नाही. कोणीतरी जाऊन तिला पत्ता द्या. आणि ती पोहोचेपर्यंत गुरुवारी तिला विसरू नका.' खाली पत्ता. खाली सही.

"पहिली बाजू मीच वाचली होती," आत्या म्हणाली. डोळ्यांना दिसत नसलं तरी ती त्या कागदाकडे बघत होती. "उपकार कसे विसरू, असं वाचलं आणि सगळ्यांनी गाणं सुरू केलं. मी उलटूनच बघितलं नाही. आणि डिंक मीच लावला."

चार महिने ठिणगीच्या जिभेवर एक भाषण तयार होतं, चांगुलपणाच्या आळसाबद्दल. ऐकवायची वेळ आली होती आणि ते कुठे गेलं कळेना. ती आत्याशेजारी गुडघ्यांवर बसली. या खोलीत पहिल्यांदाच, कोणी न सांगता.

"खोडरबर आहे का कोणाकडे?" टायपिंगच्या बाईंनी विचारलं. त्यांच्याच पर्समध्ये होतं.

लाल रेघ पुसली. 'दोघी'च्या पुढे ठिणगीनं लिहिलं: एक राहिली. मग मागणं झालं, आणि आमेन उजवीकडून सुरू झालं. तिनं कान टवकारून मोजलं. सहाच झाले. पण सहाव्यानंतर कोणीतरी फार दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि तो आत्यालाही ऐकू आला. कारण तिनं ठिणगीचा हात घट्ट धरला.

काचेत सात खुर्च्या होत्या. सातवी रिकामी.

५

डोंगरावरचा दवाखाना केव्हाच बंद पडला होता. पण माणूस शोधणं ही पोस्टमनबाबांच्या हाताची सवय. "पत्ता बदलला की पत्र परत पाठवतो तो पोस्टमन नव्हेच," असं म्हणत त्यांनी चार दिवसांत रुग्ण कुठे हलवले ते काढलं, तिथून पुढे कुठे तेही काढलं. वृद्धांचं वसतिगृह. शहराच्या दुसऱ्या टोकाला.

बसनं वीस मिनिटं. एकतीस वर्षं, आणि बसनं वीस मिनिटं. ठिणगी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली, म्हणजे रडतेय ते कंडक्टरला दिसू नये.

थोरल्या बहिणीच्या त्या पत्त्यावरचा फोन नंबर तिनं काढून ठेवला होता. लावला मात्र नव्हता. धाकटीला आधी विचारायचं, मग लावायचं, असं तिनं घरात बजावून सांगितलं होतं. "आपण ठरवायचं नाही. या वेळी तरी." गुरुवार होता. बाकीचे पाच जण तीन वाजता खोलीत जमणार होते. आज ती खोली रिकामी ठेवायची हिंमत कोणाला नव्हती.

"आज नेमका गुरुवार गाठलात," वसतिगृहातली सिस्टर म्हणाली. "तीन वाजत आले, आता त्या उठायच्या नाहीत. दर गुरुवारी हे असंच. कानाशी ढोल वाजवा, हूं की चूं नाही. मी नवीन होते तेव्हा घाबरून डॉक्टरांना बोलावलं होतं. नाडी ठीक, सगळं ठीक. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप उठतात आणि चहा मागतात. बसा हवं तर. चालता येत नाही त्यांना, पण जीभ चालते."

खोली लहान. एक खाट, एक चाकाची खुर्ची, खिडकीत निळ्या दोऱ्याचं रीळ. खाटेवर एक बारीकशी म्हातारी पाठीवर झोपलेली. पांढरे केस. गळ्यात मापाची टेप, झोपेतसुद्धा.

ठिणगी स्टुलावर बसली. बाहेर कुठेतरी तीनचे ठोके पडले.

आता तिकडे वही उघडली असेल. म्हातारीची बोटं चादरीवर हलायला लागली. अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं, वर, खाली, वर, खाली. ठिणगीनं तो हात आधी पाहिला होता. कुठे, ते आठवायची गरज नव्हती. आता मागणं चालू असेल. आता शांतता. बोटं थांबली. आता डॉक्टर, आता डॉक्टरीणबाई, टायपिंगच्या बाई, पोस्टमनबाबा, आत्या.

म्हातारीचे ओठ दातांत काहीतरी धरावं तसे आवळले गेले.

"आमेन," ती झोपेत म्हणाली.

ठिणगीच्या मानेवरचे केस उभे राहिले. उठून पळावं असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात म्हातारीनं डोळे उघडले. तपकिरी, लख्ख, जरा वैतागलेले. ठिणगीकडे पाहिलं, ओळखीचं माणूस उशिरा आल्यावर पाहतात तसं.

"आज तुझी खुर्ची रिकामी होती," ती म्हणाली.

खोलीत सिस्टर येऊन दोन कप चहा ठेवून गेली. त्या कपबशीच्या आवाजानं ठिणगीचं बळ परत आलं. तिनं वाफेनं सुटलेलं पत्र म्हातारीच्या हातात दिलं, मागची बाजू वर करून.

म्हातारीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मला वाटलं, ताई विसरली," ती म्हणाली.

"त्या नाही विसरल्या. आम्ही विसरलो. उलटून बघितलं नाही." प्रश्न तिचा होता आणि तो तिनंच विचारायचा होता. "आजी, तुम्हाला जायचंय का? नसेल तर नाही म्हणा. कोणी काही म्हणणार नाही. इथेही आम्ही येत जाऊ."

"विचारायला बराच वेळ घेतलात, बाई." म्हातारीनं चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "जायचंय. केव्हाचं जायचंय. आणि हा चहा एवढं एकच कारण असतं तरी गेले असते."

ठिणगी हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिनं फोन लावला, वाजू दिला आणि म्हातारीच्या कानाशी धरला.

"कोण?" पलीकडून एक तितकाच जुना आवाज आला.

"मी."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. इकडे श्वास, तिकडे श्वास. मग तो जुना आवाज थोरल्या बहिणीचा झाला.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

६

कागदपत्रांना तीन महिने लागले. त्यातले दोन टायपिंगच्या बाईंनी अर्जांवर काढले आणि एक ठिणगीनं कचेऱ्यांमध्ये भांडण्यात. या बाबतीत तिच्या शिक्षणाचा पुरेपूर उपयोग झाला. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन मध्येच उरकलं. नव्या डोळ्यांनी आत्यानं पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर वहीतली सगळी पत्रं किटलीवर धरून सोडवली आणि मागून तपासली. बाकीच्या पाठी कोऱ्या होत्या. ते कळल्यावर ती दोन दिवस नुसती झोपली; इतकी शांत झोप आपल्याला आयुष्यात लागली नव्हती, असं म्हणाली.

विमानतळावर म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून न्यायला सहाही जण गेले होते. ती चर्चच्या त्या खोलीत कधीच आली नव्हती. इतका उंच जिना चढणं तिच्या पायांना शक्यच नव्हतं. कोणी तिला गुरुवारच्या झोपेबद्दल विचारलं नाही. ठिणगीनं एकदा तोंड उघडलं होतं. म्हातारीनं बोट ओठांवर ठेवलं, टाचण्या पडू नयेत म्हणून ठेवावं तसं.

आणि आज पत्र आलं होतं. आत्यानं ते स्वतः वाचलं, एक बाजू, मग उलटून दुसरी. समुद्र घरापासून लांब नाही. ताईनं जुन्या मशीनला तेल घालून ठेवलं होतं. दोघी पहिल्याच दिवशी पडद्याच्या कापडावरून भांडल्या. खाली दोन सह्या. गाणं कोणी मध्येच सुरू केलं नाही. सह्या वाचून झाल्या तेव्हा केलं, आणि असलं बेसूर गाणं त्या खोलीनं कधी ऐकलं नसेल. लाल रेघ ठिणगीनं मारली. पत्र चिकटवलं नाही. भोक पाडून दोऱ्यानं बांधलं, दोन्ही बाजू उघड्या.

सगळे चहाला खाली गेले. ठिणगीनं भिंतीला कान लावला. भिंत नुसती भिंत होती. अंगणात सायकलची एक घंटी वाजली, बस. तिला वाटलं, इतकी छान रिकामी जागा आपण कुठे ऐकली नव्हती.

मग ती खुर्च्या आवरायला वळली आणि थबकली. तिनं मोजल्या.

"काका, आज सहाच मांडल्यात?"

राखणदारकाका किटली पुसत होते. काळ्या कोटाचं मधलं बटण जागच्या जागी होतं, घट्ट, निळ्या दोऱ्यानं शिवलेलं.

"त्या सातव्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या ना, आता यायचं जमणार नाही," ते म्हणाले. "निघता निघता माझं बटण तेवढं लावून गेल्या. पोहोचल्या का गं नीट?"